केवळ वाचनासाठी

सातबारा आता कोणीही पाहावा. मोबाइलवर गाव निवडायचे, गट क्रमांक घालायचा, की कोणाच्या विहिरीत कोणाचा किती हिस्सा आहे ते घरबसल्या दिसते. आमच्या गावात त्यामुळे पुष्कळ भांडणे मिटली आणि त्याहून थोडी अधिक नव्याने सुरू झाली. पण पाहून झाल्यावर त्या उताऱ्यावर एक काना लिहून पाहा! वारसाची नोंद करायची तर तलाठ्याने फेरफार धरावा लागतो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीची मुदत संपावी लागते आणि मग मंडल अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. नाव तुमचे, जमीन तुमची, वारलेला बापही तुमचाच. लिहिणारा हात मात्र दुसऱ्याचा. याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला त्याला सातबाऱ्यावर लिहिता आले असते, तर आमच्या भावकीत एव्हाना जमीन उरली नसती, नुसती नावे उरली असती.

दिसणे आणि लिहिता येणे यांच्यामधले हे अंतर मला गेल्या पावसाळ्यात नव्याने मोजावे लागले, ते शाळेच्या वाचनालयातल्या संगणकापाशी बसून. या विषयात माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. काहीच नाही. मी चित्रकलेचा शिक्षक, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. (आम्ही दहावी झालो तरी आमचे वडील शेवटपर्यंत तिला मॅट्रिकच म्हणत, तो शब्द मलाही सोडवत नाही.) पण खेड्यातल्या शाळेत ज्याला रंगांच्या बाटल्यांची बुचे उघडता येतात, त्याच्याकडे बिघडलेली कुलपे, घड्याळे आणि संगणक आपसूक येतात.

आमची मुले दोन वर्षे जात्यावरच्या ओव्या गोळा करीत आहेत. कल्पना आमची नव्हे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतून हिंडून, कित्येक सहकाऱ्यांच्या मदतीने, लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्या कामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव टिपून ठेवलेले असते. आमच्याकडे जाती आता दारात पालथी पडली आहेत. पण ज्यांचे हात त्यांवर फिरले, अशा आठदहा म्हाताऱ्या गावात अजून आहेत. मुले त्यांच्याकडे जातात, ऐकतात, वहीत उतरवतात आणि मग वाचनालयातल्या संगणकावर टंकतात. टंकलेले मात्र त्या संगणकात राहत नाही. ते राहते मुख्याध्यापकबाईंच्या खोलीत, कपाटामागे ठेवलेल्या दुसऱ्या एका यंत्रात. त्याला ना पडदा, ना कळफलक. एक हिरवा दिवा तेवढा लुकलुकत असतो. दोन्ही यंत्रे लिनक्सवर चालतात, कारण त्याला पैसे पडत नाहीत. आणि सांबा नावाची एक प्रणाली आहे, तिच्यामुळे तिकडचे फोल्डर इकडे असे दिसते की ते जणू याच यंत्राच्या पोटात आहे. याला माउंट करणे म्हणतात.

सांबा हे नाव ऐकून मला प्रथम शिवशंभो आठवले. पण त्याचा जन्म ऑस्ट्रेलियातला. अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास ते रचायला घेतले. फायलींच्या देवाणघेवाणीची जी भाषा ते बोलते तिचे नाव एसएमबी. म्हणून त्याने शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द शोधले आणि त्यांतून हा एक उचलला. बारसे करण्याची ही रीत मला कादंबरीकार म्हणून मोठी सोयीची वाटली.

पूर्वी प्रत्येक मूल टंकायला बसताना आपापल्या नावाने आणि पासवर्डाने त्या फोल्डरात शिरत असे. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणी एक जाणकार गृहस्थ येऊन गेले. पासवर्ड विसरणाऱ्या मुलांची त्यांना दया आली. त्यांनी ‘वाचनालय’ या नावाचे एकच खाते काढले, त्याचा पासवर्ड एका चिठ्ठीवजा फाइलीत लिहून ठेवला आणि संगणक सुरू होताच फोल्डर आपोआप जोडले जाईल अशी व्यवस्था केली. व्यवस्था सुरेख होती. जूनमध्ये शाळा उघडली, फोल्डर समोर हजर, सगळ्या ओव्या वाचता येत होत्या. पहिले काही दिवस मुले नुसती वाचतच होती, म्हणून कोणाच्या काही ध्यानात आले नाही.

ध्यानात आले ते खालच्या आळीतल्या आजींमुळे. वय ऐंशीच्या पुढचे, डोळे गेलेले, कान शाबूत. ओव्यांचे छोटे पुस्तक दिवाळीपूर्वी छापायचे ठरले होते, म्हणून छापण्याआधी ज्याची त्याची ओवी ज्याला त्याला वाचून दाखवावी, अशी आम्ही टूम काढली होती. आजींना नातवाने शाळेत आणले. मी पडद्यावरून वाचू लागलो. त्या ओवीत एका बाईची थोरवी गायिली होती, जिने दुसरीची पोरे आपली म्हणून वाढवली. एका शब्दापाशी आजींनी हात वर केला.

“गुर्जी, ही जाऊ कुठनं आली?”

मी वहीचा कागद काढून पाहिला. वहीतही ‘जाऊ’च होते.

“जाऊ न्हवं. सवत. ती सवत हुती माझी.”

ओवी उतरवून घेणारी मुलगी नववीतली, हुशार. सवतीची थोरवी कोणी गाईल हे तिच्या कानांना खरे वाटले नसावे. जात्यावर सवत येते ती बहुधा शिव्याशाप घेऊनच. तेव्हा ऐकण्यात आपलीच काही गफलत झाली असेल असे समजून तिने घरात बसणारी दुसरी बाई तिथे बसवली.

आजींची हकीकत गावात थोड्यांनाच ठाऊक आहे. पहिलीला मूल होईना म्हणून त्यांना दुसरी करून आणले. त्यांना चार झाली, ती चारी पहिलीच्या मांडीवर वाढली. नवरा वारल्यावर वारसनोंदीत पहिलीचे नाव लागले, मुलांची लागली. आजींचे लागले नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने त्यांचे लग्न झालेलेच नव्हते. पण कणगीची आणि पेटीची किल्ली सवतीने आपल्या हाताने आजींच्या कमरेला अडकवली, ती सवत मरेपर्यंत तिथेच होती. “जाऊ म्हनलं तर ती येगळ्या चुलीची झाली,” आजी म्हणाल्या. “ती एका चुलीची हुती. खोडा ते.”

मी ‘जाऊ’ खोडून ‘सवत’ लिहायला गेलो, तर अक्षर उमटेना. वर पट्टीत लिहून आले, की ही फाइल केवळ वाचनासाठी उघडली आहे.

“काय झालं?” आजींनी विचारले.

“लिहू देत नाही, आजी.”

“शाळंचंच यंत्र न्हवं का? का परक्याचं हाय?”

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला चार दिवस लागले, आणि ते साधे नव्हते.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला असली यंत्रे सांभाळण्याची नोकरी करतो. संध्याकाळी त्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, लोक सगळ्यात आधी सीएचमॉड सातशे सत्त्याहत्तर मारतात. म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं. तुम्ही ते करू नका. आधी अडवतंय कोण ते शोधा. वाटेत दारं तीन आहेत.” (मी ते नंतर कुतूहल म्हणून करून पाहिले. यंत्राने आज्ञा निमूट ऐकली, हरकत घेतली नाही, चूक दाखवली नाही, आणि केलेही काही नाही. अशा जोडलेल्या फोल्डरावर ती आज्ञा गिळूनच टाकली जाते. सरकारी कचेरीत अर्जाची पोच देऊन अर्ज बासनात बांधतात, तसे.)

दारे कोणती, ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ पासून युनिक्सची उभारणी केली, त्या घराण्यातच लिनक्स येते. त्यात प्रत्येक फाइलीला एक धनी असतो आणि एक गट असतो. त्या दोहोंबाहेरचे ते इतरेजन. या तिघांना प्रत्येकी तीन अक्षरे: वाचणे, लिहिणे, चालवणे. नऊ अक्षरांची ती ओळ कळली की निम्मे कळले. अंकांतही ती लिहितात. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक, आणि त्यांची बेरीज. सातशे चव्वेचाळीस म्हणजे धन्याला सगळे, गटाला नुसते वाचणे, इतरांना नुसते वाचणे. दुसरी गोष्ट अशी, की यंत्र माणसाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखते. यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याला रूट म्हणतात, त्याचा क्रमांक शून्य. आमच्या वाचनालयातल्या साध्या वापरणाऱ्याचा क्रमांक एक हजार.

आता पहिले दार. फोल्डर मुळात लिहिण्याजोगे जोडले गेले आहे की नाही? माउंट ही आज्ञा दिली, की जोडलेल्यांची यादी येते. आमच्या ओळीत आरडब्ल्यू, म्हणजे वाचा-लिहा, असे स्पष्ट होते. मग फोल्डरातल्या फायलींची यादी काढली. प्रत्येक फाइलीचा धनी रूट! गावातल्या ओव्या, टंकणारी मुले चौदा-पंधरा वर्षांची, आणि सगळ्यांचा धनी म्हणून जो बसला आहे त्याने एक अक्षर टंकलेले नाही. मला ते पाहून इनामाची सनद आठवली.

विद्यार्थ्याने उलगडा केला. त्या दुसऱ्या यंत्राच्या दाराशी नाव आणि पासवर्ड एकदाच द्यायचा असतो, तो ‘वाचनालय’ या खात्याचा दिला गेला, तो मान्य झाला. पण फोल्डर जोडण्याचे काम संगणक सुरू होताना रूट करतो. तिकडच्या धन्यांचे क्रमांक इकडे लागू नाहीत, तेव्हा इकडच्या यंत्राने सरळ जोडणाऱ्याचेच नाव सगळ्यांवर टाकले आणि बाकीच्यांना वाचण्यापुरती मुभा ठेवली. म्हणजे पलीकडे विचारणा होण्याआधीच आपल्याच उंबऱ्यावर आपल्याला अडवले जात होते. त्यावर खात्रीची एक परीक्षा आहे. इकडे रूट होऊन त्या फोल्डरात नवी फाइल करून पाहायची. केली, झाली. पलीकडच्याची हरकत नव्हती.

उपाय एका शब्दाचा. जोडणीच्या ओळीत धनी म्हणून एक हजार हा क्रमांक लिहायचा, गटही लिहायचा, फोल्डर सोडवून पुन्हा जोडायचे. जोडले. आता यादीत सगळ्या ओव्या वाचनालयाच्या मालकीच्या दिसू लागल्या. साध्या वापरणाऱ्याने नवी फाइल केली, तीही झाली. मी आजींची ओवी उघडली.

केवळ वाचनासाठी.

त्या रात्री मी घरी जाऊन कादंबरीचे प्रकरण लिहायला बसलो आणि एक ओळ लिहिली नाही. तिथे मला कोणी अडवत नव्हते, तरीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी रूट होऊन तीच फाइल बदलू पाहिली. तरीही नकार. याचा मला फार आनंद झाला, विद्यार्थीही फोनवर “वा, सर!” म्हणाला. कारण इथला सर्वाधिकारी तिथे कोणीच नाही. तिथे तो ‘वाचनालय’ या नावानेच पोहोचतो आणि ‘वाचनालय’ला जेवढे चालते तेवढेच त्याला चालते. नवी फाइल करू देतात आणि ही जुनी बदलू देत नाहीत, म्हणजे अडवणारे दार पलीकडचे आहे. (दुसरी एक पद्धत आहे, एनएफएस म्हणून, सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये आणलेली. तिच्यात परक्या यंत्रावरून येणाऱ्या रूटला सहसा दारातच ‘नोबडी’ हे नाव देऊन आत घेतात. मला हे फार आवडले. काही पाहुण्यांना आम्हीही असेच घेतो.)

कपाटामागच्या यंत्राचा मुख्य पासवर्ड मुख्याध्यापकबाईंकडे, बंद लखोट्यात. त्या सरळ मनाच्या आणि नियमाच्या पक्क्या. “सर, यातून निकालाच्या फायलींना धक्का लागला तर?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “तुम्ही समोर बसा.” त्या खरोखरच खुर्ची ओढून बसल्या, आणि सगळे होईपर्यंत उठल्या नाहीत. मला त्याचा राग आला नाही. लखोटा ज्याच्याकडे असतो त्याने असेच वागावे.

दुसरे दार सांबाचे. त्याची एक नियमांची फाइल असते, तिच्यात प्रत्येक फोल्डराचे कलम. ‘केवळ वाचा: नाही’ असे कलमात लिहिलेले नसेल, तर ‘केवळ वाचा’ हेच गृहीत धरतात. आमच्या कलमात ते लिहिलेले होते. तिकडे बोट दाखवता येईना.

तिसरे दार प्रत्यक्ष फाइलीचे. तिकडे बसून यादी काढली, तेव्हा ती इकडच्या यादीहून अगदी निराळी निघाली. तिथे रूट नव्हता, वाचनालयही नव्हते. तिथे मुलांची नावे होती. एकेका ओवीपुढे ती टंकणाऱ्या मुलाचे वा मुलीचे खाते, आणि आजींच्या ओवीपुढे त्या नववीतल्या मुलीचे. ती यंदा शाळा सोडून गेली. वडिलांची बदली झाली. आणि नऊ अक्षरांची ओळ सांगत होती, सातशे चव्वेचाळीस. धन्याला सगळे, बाकीच्यांना वाचणे.

हे कोणी मुद्दाम केले नव्हते. सांबा नवी फाइल करताना तिच्यावर एक चाळणी धरतो, आणि निराळे काही सांगितले नसेल तर त्या चाळणीतून गटाचा लिहिण्याचा हक्क गळून पडतो. प्रत्येक मूल आपापल्या नावाने लिहीत होते तोवर ते कोणाला कळण्याचे कारण नव्हते. आपले लिहिलेले आपल्याला बदलता येतच होते. सगळ्यांना एका नावाखाली आणल्यावर ते उघडे पडले.

इथे एक गंमत कळली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. फाइल बदलण्याचा हक्क फाइलीवर लिहिलेला असतो. पण फाइल काढून टाकण्याचा हक्क ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरावर. आमचे फोल्डर गटाला मोकळे होते. म्हणजे आजींच्या ओवीतला एक शब्द वाचनालयाला सुधारता येत नव्हता, पण अख्खी ओवी पुसून टाकता येत होती. मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, “मग सोपंच आहे. नक्कल करा, नकलेत शब्द बदला, जुनी पुसून टाका.”

सोपे होते, आणि पाच मिनिटांत झालेही असते. पण मग नव्या फाइलीचा धनी वाचनालय झाले असते. त्या मुलीने भर उन्हात तीन वेळा खालच्या आळीला खेपा घालून, म्हातारीच्या पायाशी बसून ती ओवी आणली होती. एक शब्द तिने चुकवला, बाकीचे सगळे तिच्यामुळे राहिले. एका चुकीच्या दुरुस्तीसाठी तिचे नावच यादीतून जावे, हे मला पटेना. ‘जाऊ’ काढायची आणि तिच्याबरोबर आणणारीलाही काढायचे! मी बाईंना तसे म्हटले. त्या थोडा वेळ हिरव्या दिव्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “दुसरं काय करता येतं?”

दुसरे करता येत होते. ओव्यांच्या फायलींचा गट सगळीकडे शाळेचा केला आणि गटाला लिहिण्याचा हक्क दिला. धनी जिथल्या तिथे राहू दिले. फोल्डराला सांगितले, की तुझ्यात जे नवे जन्मेल त्याचा गट तुझाच. सांबाच्या कलमात चाळणी बदलून सहाशे चौसष्ट केली, म्हणजे पुढच्या मुलांच्या फायलींना पुन्हा हे व्हायला नको. नियमांची फाइल तपासण्याची टेस्टपार्म नावाची आज्ञा आहे, ती चालवली, चूक नव्हती. निकालाच्या फोल्डराला हात लावला नाही, हे बाईंनी स्वतः पाहिले.

आणि एक गोष्ट मी मागून घेतली. ‘वाचनालय’ हे नाव वाचायला आणि दुरुस्तीला असू दे; पण नवी ओवी टंकताना मुलाने पूर्वीसारखे आपल्या नावाने शिरावे. पासवर्ड विसरले तर विसरू देत, पुन्हा देऊ. पुण्याचा विद्यार्थी म्हणाला, की मोठ्या संस्थांतून यासाठी केर्बेरॉस नावाची व्यवस्था असते. अमेरिकेतल्या एमआयटीत ती तयार झाली, नाव ग्रीक कथेतल्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचे. तीत प्रत्येकाला काही तासांपुरते तिकीट मिळते, आणि त्या तिकिटावर तो जिथे जाईल तिथे स्वतःच म्हणून ओळखला जातो. मात्र दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, की ते कुत्रे सहसा आत येऊ देत नाही. आमच्या शाळेतले घड्याळ पाहता हा विचार मी तिथेच सोडला.

आजींना नातवाने पुन्हा आणले. मी ‘जाऊ’ खोडले, ‘सवत’ लिहिले, आणि ते राहिले. त्यांनी ओवी दोनदा वाचून घेतली. दुसऱ्या वेळी त्या शब्दापाशी त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग नातवाला म्हणाल्या, “चल, वाळवण बाहेर हाय.”

त्या मुलीला मी फोन केला. तिला कळायला हवे होते. ती पुष्कळ वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, आजी सवतच म्हणाल्या होत्या. मीच दोनदा विचारलं होतं. तरी मला वाटलं, पुस्तकात बरं दिसणार नाही.” मी तिला सांगितले, की पुस्तकात ‘सवत’ येते आहे आणि खाली ओवी आणणारीचे म्हणून तुझे नाव येते आहे. “राहू दे का?” असे विचारले. ती “हो” म्हणाली.

संध्याकाळी कपाटामागच्या यंत्रावर बाईंच्या समोर शेवटची यादी काढली. त्या ओळीत दिनांक नवा होता. धन्याच्या रकान्यात तिचेच खाते होते.